रंगाच्या डॉक्टरचा परवाना

बंदुकीचा परवाना मागितला असता तर लवकर मिळाला असता, असं माझी बायको सलिमा अजूनही म्हणते. तिचं खरं असावं, कारण बंदूक म्हणजे काय ते प्रत्येक कचेरीला ठाऊक असतं. मी जो परवाना मागत होतो तो साऱ्या महाराष्ट्रात कुणाकडेच नव्हता. तो द्यायचा कुणी हे सरकारला ठाऊक नव्हतं आणि मागायचा कसा हे मला.

मी रफिक मुजावर, हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. शाळेत ड्रॉइंग मास्तराला काय किंमत असते ते मी सांगत बसत नाही. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला देतात, एवढ्यावरून ओळखा. पण मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी कोणीतरी असायचो. आमच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला मनाच्या आजारांचा विभाग होता. तिथल्या जुन्या डॉक्टरसाहेबांनी मला एक व्हरांडा, दोन टेबलं आणि एक मोडका बाक दिला होता. तिथं राहणारे रोगी यायचे, घरून येणारेही यायचे. मी त्यांना कागद, रंग आणि शाडू द्यायचो आणि गप्प बसायचो. शिकवायचं काही नाही. आता, मास्तर माणसाला गप्प बसवणं ही काय साधी गोष्ट आहे? समोर कुणी माणसाचा हात गुडघ्यातून काढतोय आणि मी म्हणतोय, "छान." सुरुवातीला तर मी घरी येऊन सगळ्या चुका सलिमाला सांगायचो, तेव्हा कुठं जेवण जायचं.

जुने डॉक्टर सांगायचे, "मास्तर, परदेशात याला उपचार म्हणतात. तिकडं तुमच्यासारख्यांना परीक्षा असते, सरकारी परवाना असतो, दारावर पितळी पाटी असते." परीक्षेचं मी विसरलो. पितळी पाटी मात्र डोक्यात बसली. पेठेत मला लोक 'येड्यांचा मास्तर' म्हणायचे. मला त्याचा राग यायचा, माझ्यासाठी नव्हे, माझ्या माणसांसाठी. त्यातल्या त्यात मान ठेवणारे 'रंगाचा डॉक्टर' म्हणायचे आणि मी त्यांना चहा पाजायचो.

त्या व्हरांड्यात सयाजी यायचा. सयाजी आमच्याच पेठेतला पैलवान. दारातून आत यायचा तर आधी खांदा वळवायचा आणि मग बाकीचा यायचा. जयसिंगपूरच्या चमन पैलवानाशी त्याची कुस्ती लागली होती. सयाजीनं ढाकेचा डाव मारला, चमन मानेवर पडला आणि उठलाच नाही. दवाखान्यात नेला, पुढं बराही झाला, आज तिकडं सायकलीचं दुकान चालवतो. पण सयाजीनं त्या दिवशी जे तोंड मिटलं ते मिटलंच. "चमन बरा हाय, हसतोय, जेवतोय," असं सांगून पेठ थकली. सयाजी काही बोलेना, तालमीत जाईना आणि मातीला पाय लावीना. घरात भिंतीकडं तोंड करून बसायचा.

माझ्याकडं आला आणि त्यानं लाल रंग उचलला. कागदभर लाल. पुढच्या खेपेला पुन्हा कागदभर लाल. माझा लाल रंग सारखा संपायचा, मग मी शाळेतला आणायचो आणि शाळेच्या मुलांना पुढं कितीतरी दिवस जांभळी जास्वंद काढावी लागली. मग एके दिवशी त्या लाल रंगात त्यानं मधे कागद कोरा ठेवला. आडव्या पडलेल्या माणसाच्या आकाराचा कोरा. मला काय वाटलं सांगू? मी उठून बाहेर गेलो आणि उगाचच नळावर हात धुतले.

एवढ्यात जुने डॉक्टर बदलून गेले आणि नवे आले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. म्हणाले, "मास्तर, उद्या कुणी रंग प्यालं तर जबाबदार कोण?"

"साहेब, आजवर कुणी प्यालेलं नाही. एकानं चाटला होता, त्याला आवडला नाही."

"तुमच्याकडं रोग्यांत बसण्याचा परवाना आहे का? नाही ना? मग पहिल्या तारखेपासून बंद. परवाना आणा, मी स्वतः टेबल लावून देईन."

झालं. व्हरांड्याला कुलूप लागलं.

कोल्हापुरात संध्याकाळी दूध प्यायला कट्ट्यावर जातात हे आपल्याला माहीत असेलच. म्हैस समोर, तिची धार समोर, पेला हातात. सयाजीची आई धोंडुबाई गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी घेऊन बसायची. मी पेला पुढं केला तर तिनं धार काढायचीच थांबवली.

"मास्तर, पोरगं पुन्यांदा भिताडाकडं तोंड करून बसलंय. कागदावर जरा जरा परत येत हुतं, तर तुम्ही दुकान बंद केलासा?"

"आक्का, मी नाही बंद केलं. परवाना पाहिजे म्हणतात."

"मग आणा की! कुठनं तर आणा की! पोरगं माझं काल जेवलं न्हाय." एवढं बोलून तिनं डोळ्याला पदर लावला. मागं भांडी घेऊन उभे असलेले सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही परवाना माझ्या खिशात आहे आणि मी तो मुद्दाम काढत नाही. मी दूध न पिताच घरी आलो आणि सलिमाला म्हणालो, "परवाना आणतोच."

आम्ही घरात हिंदी बोलतो, पण भांडण मराठीत करतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना पुन्हा सांगावं लागत नाही. सलिमा मराठीत म्हणाली, "अहो, घरचा नळ गळतोय तो तुमच्यानं होत नाही आणि तुम्ही सरकार दुरुस्त करायला निघालात?"

हे ऐकून शेजारचे गणपतराव आलेच. गणपतराव कोर्टातून निवृत्त झालेले, म्हणजे कागदानं निवृत्त झालेले. जिभेनं अजून कोर्टातच होते. त्यांनी चष्मा लावला आणि निकाल दिला, "परवाना नाही म्हणजे कायदा नाही. कायदा नाही तर तो करून घेतला पाहिजे. लिहा." तिथून पुढं मी एक कायदा करवून घेणारा माणूस झालो. शाळेत मला रजा देताना हेडमास्तरांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "कायदा करायचाय." त्यांनी रजा दिली, पण दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होते.

आरोग्याच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "चित्रं काढतात? मग शिक्षण खातं." शिक्षणाच्या कचेरीतले म्हणाले, "रोगी काढतात? मग आरोग्य खातं." असे माझे बरेच हेलपाटे झाले. शेवटी आरोग्यातल्या एका कारकुनानं मला अचानक बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "घरचं कुणी आलंय का बरोबर?" आधी मला वाटलं, केवढा सभ्य माणूस! जिना उतरताना उलगडा झाला. जगात नसलेला परवाना मागायला रोज येणारा माणूस त्यानं कोण समजला असेल? असा संताप आला म्हणून सांगू! परत वर जाऊन मी त्याला सुनावणार होतो, पण मग त्याची खात्रीच पटली असती.

धंद्यांचे परवाने देणाऱ्या कचेरीत मात्र एक उत्साही गृहस्थ भेटले. त्यांनी यादी काढली. हॉटेल, लॉज, केशकर्तनालय, पिठाची गिरणी, सर्कस. माझ्याकडं आणि यादीकडं आळीपाळीनं बघून म्हणाले, "सर्कस जवळचं वाटतं." मी मान हलवली. मग त्यांना 'रंगाचा साठा' सापडला. तो ज्वालाग्राही मालात मोडत होता. दुसऱ्याच आठवड्यात आग विझवण्याच्या खात्याचा माणूस दारात. मी त्याला माझ्या पाण्याच्या रंगांच्या वड्या दाखवल्या. "हे पाण्यात कालवतात हो, पेटणार कसे?" तो म्हणाला, "पेटल्यावर सगळे असंच म्हणतात." दाराबाहेर वाळू भरलेल्या लाल बादल्या टांगाव्या लागल्या. पेठेत बातमी गेली की मास्तर घरी फटाके करतात. सलिमानं त्यातली वाळू ओतून दिली, माती भरली आणि पुदिना लावला.

इकडं गणपतरावांचा अर्ज पुण्याला, आरोग्याच्या मोठ्या कचेरीत पोचला होता. इतका लांबलचक अर्ज वाचायचा कंटाळा येऊन असेल, पण पुण्यानं उत्तर धाडलं की आमचे निरीक्षक येऊन हा उपचार प्रत्यक्ष पाहतील. मी धावत नव्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, "परवान्याशिवाय इथं उपचार करता येणार नाही." पुणं म्हणत होतं, उपचार बघितल्याशिवाय परवान्याचा विचार करता येणार नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि जन्मात पहिल्यांदा मला भिंतीकडं तोंड करून बसावंसं वाटलं.

मला तिथून उठवलं आकाराम वस्तादांनी. सयाजीला कुस्ती शिकवली ती यांनी. म्हणाले, "मास्तर, सरकार म्हंजी काय वाघ हाय? त्यांचा माणूस तिकडनं येऊ द्या, तुम्ही हिकडनं या. तालमीत हुद्या की!"

आमच्या तालमीत मारुती आहे आणि मोहरमला पंजाही बसतो. त्यामुळं ती जागा मला परकी नव्हती. पण उपचार म्हणजे शांतता हवी, हे मी वस्तादांना पुन्हा पुन्हा बजावलं. "शांतताच की!" ते म्हणाले. आदल्या दिवशी पेठेतून रिक्षा फिरली. तालमीचा सेक्रेटरी कृष्णात कर्ण्यातून ओरडत होता, "उद्या सकाळी! आपल्या तालमीत! मुजावर मास्तर विरुद्ध पुण्याचं सरकार! प्रेक्षकांनी शांतता पाळावी!"

सगळी पेठ लोटली. खिडक्यांत माणसं, भिंतीवर माणसं. कृष्णातनं हलगीवालासुद्धा सांगितला होता. मी हातापाया पडलो तेव्हा कबूल झाला की निकाल लागेपर्यंत हलगी वाजणार नाही. निरीक्षक आले, कातडी बॅग घेतलेले, पोट बिघडल्यासारखा चेहरा. ते नको नको म्हणत असताना वस्तादांनी त्यांना फेटा बांधला. नवे डॉक्टरही आले आणि हाताची घडी घालून खांबाला टेकले. बायकांनी तालमीत यायचं नसतं म्हणून धोंडुबाई आणि सलिमा दारात उभ्या राहिल्या. धोंडुबाईनंच सयाजीचा हात धरून त्याला तिथवर आणलं होतं. तो माझ्याकडं बघून आत आला, पण मातीच्या हौद्याकडं त्यानं पाठ केली.

मी चटया टाकल्या, घरून येणाऱ्या माझ्या माणसांना कागद दिले, आणि नेहमीसारखा गप्प बसलो.

थोड्या वेळानं निरीक्षकांनी विचारलं, "तुम्ही आता काय करताय?"

"बसलोय."

"उपचार कधी सुरू होणार?"

"चालू आहे साहेब."

भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, गाफील ऱ्हाऊ नगा! निळा घ्या, निळा!" दुसरा म्हणाला, "आरं गप, डाव टाकतोय त्यो." माझे कान तापले. निरीक्षक बॅगेतून कागद काढून म्हणाले, "माझी अडचण समजून घ्या. उपचार म्हणावा तर औषध कुठंय? चित्रकला म्हणावी तर चित्रं कुठंयत?" नव्या डॉक्टरांनी खांबापाशी पाय बदलला. दारात धोंडुबाई हात जोडून उभी होती, कुणाला कोण जाणे.

निरीक्षक फिरत फिरत सयाजीच्या चटईपाशी गेले. कागद लालभडक आणि मधे तो कोरा माणूस. "इथं रंगवायचं राहिलंय वाटतं," ते म्हणाले, आणि मदत करायची म्हणून त्यांनी सयाजीचा ब्रश उचलून त्या कोऱ्या जागेकडं नेला.

मी कसा उठलो ते मला कळलं नाही. मी माझा पंजा त्या कोऱ्या जागेवर ठेवला आणि ओरडलो, "साहेब, हात लावायचा नाही!"

सरकारी माणसावर मी कधी आवाज चढवला नव्हता. शाळेत शिपायावरही नाही. ब्रशमधला लाल रंग माझ्या मनगटावर गळत होता. सयाजीनं माझ्या हाताकडं बघितलं. मग तो उठला, वळला आणि हौद्यात उतरला.

चमनच्या कुस्तीनंतर तो पहिल्यांदा मातीत उतरत होता. वस्तादांनी भिंतीला हात टेकला. सयाजीनं वाकून मूठभर माती उचलली, काठाशी आला आणि मूठ माझ्यापुढं धरली.

आता, मी कोल्हापुरात जन्मलो आणि कोल्हापुरातच वाढलो. समोरच्यानं दिलेली माती हातात घेतली म्हणजे त्याच्याशी कुस्ती कबूल केली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही समजतं. मलाही समजत होतं हो! पण ड्रॉइंग मास्तराची जात वाईट. मला त्या मुठीत फक्त रंग दिसला. इतके दिवस हा पोरगा माझ्या रंगांतून जो लाल शोधत होता तो हा होता, तालमीच्या मातीचा, ताक आणि तेल मुरलेला, हळदीवर झुकलेला लाल. मी हरखून दोन्ही हात पुढं केले आणि माती घेतली.

कृष्णातनं खूण केली आणि हलगी कडाडली.

"मास्तर," वस्ताद गंभीर आवाजात म्हणाले, "माती घेतलासा. आता उतरा."

"अहो वस्ताद, मी रंग बघत होतो!"

"त्ये मागनं बघा. उतरा."

मी आशेनं दाराकडं बघितलं. घरी दूध उतू गेलं तरी माझ्यावर ओरडणारी माझी बायको आता मधे पडेल, असं मला वाटलं. सलिमा ओरडली, "अहो, चष्मा काढा आधी!"

चष्मा निरीक्षकांच्या हातात दिला. चपला काढल्या. ठेवणीतला पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, अशा थाटात मी हौद्यात उतरलो. चष्म्यावाचून मला पुढं एक मोठा तांबूस ढीग दिसत होता, तो सयाजी. त्यानं सलामी दिली, मीही दिली. भिंतीवरून "धरा मास्तर, पट काढा!" असा सल्ला आला. पट कुठं असतो हे मी शोधत असतानाच माझे पाय सुटले.

पण मी पडलो नाही. म्हणजे पडलो, पण असा पडलो नाही. त्यानं मला उचललं, फिरवलं, तीच ढाक, पण इतकी सावकाश की वाटेत मला सगळं छत बघता आलं. पाठ मातीला टेकली तेव्हा माझ्या मानेखाली त्याचा पंजा होता. आमची लेक मलिका तान्ही असताना आम्ही तिला अशीच पाळण्यात ठेवायचो.

हलगी थांबली. सयाजीचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं. ओठ हलले. घशातून आधी नुसती घरघर आली.

"मास्तर," तो म्हणाला, "लागलं न्हाय न्हवं?"

कंबर अशी सणकत होती की पुढं आठवडाभर मी शाळेत फळ्यापुढं ताठ उभा राहू शकलो नाही. पण मी म्हणालो, "न्हाय रे."

"मानंला?"

"मान ठणठणीत हाय बाबा. ही बघ." मी मातीत पडल्या पडल्या मान हलवून दाखवली, इकडं, तिकडं. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हलवून दाखवली. मग तो एवढा थोरला पैलवान तिथंच बसला आणि ढसाढसा रडायला लागला. धोंडुबाई दार, उंबरा, रीतभात सगळं ओलांडून हौद्यात आली आणि त्याचं डोकं तिनं पोटाशी धरलं. "बोललं गं माझं लेकरू, बोललं!" तिला कुणी अडवलं नाही. अडवणार कोण? वस्ताद स्वतः फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते. मीही रडलो. चष्मा नव्हता त्यामुळं कुणाला दिसलं नसेल असं मला वाटतं, पण सलिमा म्हणते, सगळ्यांना दिसलं.

निरीक्षकांनी माझा चष्मा आपल्या रुमालानं पुसून परत दिला आणि गेले. फेटा सोडायचं विसरून गेले. पुढं यथावकाश पुण्याचं पत्र आलं. या पद्धतीत रोगी आणि उपचारक यांची अंगझट होत असल्यानं प्रकरण क्रीडा खात्याकडं वर्ग करण्यात येत आहे, असं त्यात होतं. ते अजून तिथंच आहे. गणपतराव स्मरणपत्रं लिहितात, मी सह्या करतो. कायदा होईल तेव्हा होईल, मी काही मागं हटलेलो नाही.

नव्या डॉक्टरांनी मंगळवारी व्हरांडा उघडला आणि टेबल स्वतः उचलून लावलं. "परवाना येईपर्यंत तात्पुरतं," असं म्हणाले. लाल रंगही त्यांनीच आणला होता. सयाजी त्याच महिन्यात जयसिंगपूरला जाऊन चमनच्या दुकानात दिवसभर बसून आला. त्याची मान स्वतःच्या हातानं चाचपून बघितली म्हणे.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. कुस्ती संपल्यावर वस्तादांनी पाण्याची बादली पुढं केली आणि म्हणाले, "धुवा मास्तर, पाठ सगळी भरलीय." सलिमा म्हणाली, "मागच्या गल्लीनं जाऊया, लवकर पोचू."

कोल्हापुरात कुस्ती हरून पाठीला माती लागलेला गडी बोळाबोळानं घरी जातो. मी न धुता, पांढऱ्या शर्टाची लाल पाठ घेऊन, भर महाद्वार रोडनं चालत गेलो.